चक वॅगनचा स्वयंपाक आणि तीन पायांचं बिडाचं भांडं

१८६६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या पशुपालक चार्ल्स गुडनाइटने लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागे खणांची पेटी बसवली आणि गुरांच्या तांड्यासोबत चालणारं स्वयंपाकघर, म्हणजेच चक वॅगन, उभं राहिलं. अस्सल कृती ओळखायची कसोटी या पेटीतच आहे. तिच्यात असायचा मैदा, पिंटो बीन्स (राजम्यासारखं ठिपकेदार कडधान्य), खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, काकवी आणि सुकवलेली सफरचंदं. ताजं दूध, लोणी किंवा चीज मागणारी ‘चक वॅगन’ कृती सरळ बाजूला ठेवा. हजारो गुरं असली तरी तांड्यात धारा काढल्या जात नसत.

हा स्वयंपाक करायला लॉज या अमेरिकी कंपनीचं १२ इंची, ६ क्वार्टचं (सुमारे ५.७ लिटर) कॅम्प डच ओव्हन, म्हणजे निखाऱ्यांवर वापरायचं जाड बिडाचं झाकणाचं भांडं, मनापासून सुचवावं असं आहे. खाली तीन पाय, म्हणून बुडाखाली निखाऱ्यांना जागा मिळते. झाकणाला उभी कड, म्हणून वरचे निखारे घसरत नाहीत. कोकणात धोंडस भाजताना वर-खाली विस्तव ठेवतात, तंत्र तेच. घुमटासारख्या झाकणाचं, सपाट बुडाचं भांडं मात्र घेऊ नका, त्यावर निखारे ठरत नाहीत.

खरी परीक्षा आंबवलेल्या पिठाच्या बिस्किटांची. ही आपली चहाबरोबरची बिस्किटं नव्हेत, मऊ पावासारखी असतात. २ कप फसफसतं आंबवण (मैदा आणि पाणी आंबवून केलेलं), अंदाजे अडीच कप मैदा, १ लहान चमचा मीठ, १ मोठा चमचा साखर आणि ४ मोठे चमचे डुकराची चरबी. १ लहान चमचा सोडा अगदी शेवटी घालायचा. आधी घातला तर गोळे भांड्यात जाण्याआधीच वायू निघून जातो. जास्त झाला तर पिवळे डाग पडतात आणि साबणासारखी चव येते. गोळे वितळलेल्या चरबीत दोन्ही बाजूंनी बुडवून एकमेकांना चिकटून लावा, म्हणजे ते आडवे न पसरता वर फुगतात. विस्तवाजवळ अर्धा तास ठेवा. मग साधारण २०० अंशांसाठी कोळशाच्या छोट्या वड्या (ब्रिकेट) झाकणावर १९, खाली १०. खालच्या वड्या कडेकडेने गोल मांडायच्या. मधोमध ढीग केला की बूड करपलंच. दर दहा मिनिटांनी भांडं पाव फेरा एकीकडे आणि झाकण पाव फेरा उलटीकडे फिरवा. वीस-पंचवीस मिनिटांत होतात. झाकण आकड्याने सरळ वर उचला, जरा कललं तरी सगळी राख बिस्किटांवर.

बीन्सलाही हे भांडं उत्तम. अर्धा किलो पिंटो, सव्वाशे ग्रॅम खारवलेलं मांस, दोन सुक्या मिरच्या, मंद आचेवर तीन-चार तास. पाणी आटलं की उकळतंच घाला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर भांडं तडकू शकतं. काकवी बीन्स मऊ झाल्यावरच, नाहीतर साल कडकच राहते.

वजन सुमारे ९ किलो, त्यामुळे एका हाताने उचलायचा मोह नको. घरच्या काचेच्या शेगडीवर पायांमुळे ते चालत नाही. कारखान्यात दिलेला तेलाचा लेप पातळ असतो, म्हणून पहिले तीन-चार पदार्थ चरबीचेच करा. टोमॅटोची आंबट रस्सेदार भाजी त्यात सुरुवातीलाच शिजवली तर लेप सुटतो आणि रश्श्याला लोखंडाची चव येते. धुतल्यावर लगेच कोरडं पुसून, झाकण जरासं उघडं ठेवून ठेवा.