रोम-४ प्रश्नावली: साधन उत्तम, पण विचारायचं कसं?

पोटाच्या विकारांच्या सर्वेक्षणांसाठी मी समोरासमोर मुलाखती घेते. रोम-४ ही पचनाच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांवर बेतलेली प्रश्नावली; तिच्याबद्दल लिहितेय ते ती हाताळूनच.

प्रश्न नेमके आहेत, हे आधी सांगते. ‘पोट दुखतं का?’ एवढ्यावर ती भागवत नाही. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा दुखलं, शौचाला जाण्याशी त्याचा संबंध होता का, सगळं खोदून विचारते. आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) म्हणायला आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस दुखणं लागतं. आधीच्या रोम-३ निकषांत महिन्यातले तीन दिवस पुरत. निकष बदलले की काय होतं? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या ७३,०७६ जणांच्या अभ्यासात इंटरनेटवर उत्तरं देणाऱ्यांमध्ये आयबीएस जुन्या निकषांनी १०.१ टक्के निघालं, नव्या निकषांनी ४.१.

मला खटकतं ते पुढे. त्याच अभ्यासात पचनसंस्थेचा किमान एक कार्यात्मक विकार (तपासणीत दोष दिसत नाही, पण काम बिघडलेलं असतं असा) इंटरनेटवर ४०.३ टक्के लोकांत आढळला, घरोघरच्या मुलाखतींत २०.७ टक्के. जवळजवळ निम्मा! देशही वेगळे होते, त्यामुळे सगळा फरक पद्धतीच्या माथी मारता येणार नाही. पण त्यातला काही भाग माझ्यासमोर घडतो. मल नकळत गळतो का, हा प्रश्न मला मोठ्याने वाचावा लागतो आणि घरातलं माणूस शेजारीच बसलेलं असतं. ‘नाही, नाही, सगळं ठीक,’ असं घाईने उत्तर येतं. त्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही, तरी खूण ‘नाही’वरच करावी लागते.

मलाच्या सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता मात्र फार कामाचा. चित्रावर बोट ठेवलं की झालं, तोंडाने काही सांगावं लागत नाही.

इंटरनेटची बाजूही निर्दोष नाही. ज्यांच्याकडे जोडणीच नाही ते सुटतात, आणि काहीजण न वाचता खुणा करत सुटतात. त्यांना पकडायला काही प्रश्न पुन्हा विचारतात, ते योग्यच आहे.

प्रश्नावली जरूर वापरा. घरी जाऊन विचारणार असाल तर नाजूक प्रश्नांपुरता टॅब्लेट उत्तर देणाऱ्याच्या हाती द्या आणि आपण बाजूला व्हा. त्या अभ्यासात चीन आणि तुर्कस्तानात इंटरनेट आणि मुलाखत या दोन्ही पद्धती चालवल्या होत्या. तसं प्रत्येक देशात निदान छोट्या गटावर तरी व्हायला हवं. तोवर मुलाखतवाल्या देशाचा आकडा इंटरनेटवाल्या देशाशेजारी ठेवून क्रमवारी लावणं मला मान्य नाही.