मिरजेतला मूत्रविकारांचा दवाखाना: दोघांची तक्रार एक, दुखणी दोन

आमच्या घरात दोघांचीही एकच तक्रार होती, सारखं लघवीला जावं लागतं. हे ६४ वर्षांचे, मी ५८. आधीच्या एका दवाखान्यात दोघांनाही एकच गोळी मिळाली. माझं तोंड कोरडं पडायला लागलं आणि यांची धार आणखीच बारीक झाली. रात्री अर्धा-अर्धा तास मोरीत उभे राहायचे, तरी थेंब थेंबच. मी घाबरले आणि यांना घेऊन एसटीने मिरज गाठलं.

इथे त्या गोळ्या बंद केल्या आणि आधी तीन दिवसांचा तक्ता भरायला दिला. काय प्यायलो, किती वाजता गेलो, किती मिली झाली. मेडिकलमधून रेघांचा प्लास्टिकचा मग आणला. दिवसाला १४ वेळा, आणि दरवेळी जेमतेम ९०-१०० मिली! मोठ्या माणसाच्या पिशवीत ३०० ते ५०० मिली मावते म्हणे.

मग युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजायची तपासणी. नरसाळं बसवलेली खुर्ची, खाली मोजणारं मशीन. दाटून आली की सांगायचं, दार लावून तुम्हाला एकटं सोडतात. डॉक्टरांनी दोघांचे कागद शेजारी-शेजारी मांडले. माझी रेघ झपकन चढून उतरलेली. यांची पसरट, लांबच लांब, सेकंदाला ७ मिलीच्या वर गेलीच नाही. १५ च्या पुढे असली तर बरी म्हणतात. लघवी करून आल्यावरही सोनोग्राफीत यांच्या पिशवीत १८० मिली शिल्लक. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या वाटेभोवतीची गाठ, वाढून वाट अडलेली. अशा माणसाला आधीच्यासारखी पिशवी सैल करणारी गोळी दिली की लघवी जास्तच तुंबू शकते. माझी वाट मोकळी, पिशवीच उतावीळ. हे इतक्या शांतपणे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

यांना टॅमसुलोसिन, म्हणजे अडलेली वाट सैल करणारी गोळी, चालू केली. उठताना चक्कर येऊ शकते, बेताने उठा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा, असं बजावलं. यांचं ऑपरेशन ठरलेलंच होतं, म्हणून हा शब्द आम्हाला लाखमोलाचा वाटला.

मला गोळी नाहीच. कळ आली की धावायचं नाही. जागीच बसून, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू चार-पाचदा आवळायचे, कळ ओसरली की सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवायचं. चहा पाच कपांवरून दोनवर आणला. परवा भाचीच्या लग्नात सगळी मंगलाष्टकं पुढे उभी राहून ऐकली. गेली तीन वर्षं मी प्रत्येक कार्यात दाराशीच बसत होते.

एक मात्र सुधारा. काउंटरवरून "लघवीच्या तपासणीला कोण?" अशी भर गर्दीत हाक मारतात, बाईमाणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नंबर पुकारा ना. आणि बायकांच्या संडासाची कडी नीट लागत नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलंय. पुढच्या महिन्यात परत जायचंय, तेव्हा बघते.