माप घेतल्याशिवाय मोजे न देणारं कुडाळचं मेडिकल

बहिणीकडे लंडनला जायचं होतं, म्हणून आईसाठी विमानात घालायचे कॉम्प्रेशनचे (पाय आवळून धरणारे) मोजे घ्यायला आम्ही वेंगुर्ल्याहून कुडाळला गेलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. दुकानातल्या काकांनी आईचे पाय बघितले आणि खोका उघडलाच नाही. म्हणाले, "आता नको. दिवसभरात पाय सुजलेत. सकाळी येवा, मगे माप घेतंय."

तेव्हा राग आला. आता वाटतं, ती खेप सार्थकी लागली.

मागच्या विमानप्रवासाच्या वेळी मी ऑनलाइन 'फ्री साइझ' जोडी मागवली होती. वरची पट्टी गुडघ्याखाली रुतायला लागली, म्हणून आईने ती दुमडली. दुमडली की तिथे दुप्पट आवळतं, हे आम्हांला कुठे ठाऊक! उतरायची वेळ आली तेव्हा पोटरीवर लालभडक वळ, घोटे फुगलेले आणि बूट काही केल्या पायात जाईना. प्रवासी विमानाच्या नव्या मॉडेलला मंजुरी देताना, आणीबाणीत निम्म्याच दारांतून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावं लागतं. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायात बूट हवेत ते त्यासाठीच. माझी ६८ वर्षांची आई त्या वेळी अनवाणी बसली होती. ते अजून मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी टेप काढली. घोट्याच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथे, पोटरीच्या सर्वांत जाड भागावर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत, अशी दोन्ही पायांची मापं वहीत लिहिली. आधी विचारलं, मधुमेह आहे का, चालताना पोटऱ्या दुखतात का, पाय बधिर होतात का. पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर हेच मोजे अपाय करतात. तसं काही असतं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देणारच नव्हते.

दिले ते १५-२० mmHg (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात तो) दाबाचे, घोट्याशी जास्त घट्ट आणि वर सैल होत जाणारे. पोटरीचा स्नायू हलला की रक्त वर ढकललं जातं. नऊ-दहा तास एका जागी बसलं की ते काम थांबतं, पाणी घोट्यात उतरतं आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात हे लक्षात ठेवायला हवं. मोजे घातले तरी अधूनमधून उठून चाला, असं त्यांनी आईला दोनदा बजावलं. विमान खाली येताना झोपू नका, हेही सांगितलं. झोपेत आपण कमी गिळतो आणि कानाचे दडे सुटत नाहीत.

या वेळी लंडन यायच्या अर्धा तास आधी आईने स्वतः वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. मी बघत राहिले.

तक्रारी दोन. रंग एकच, फिकट तपकिरी. आणि दुकानाच्या पायऱ्या फार उंच आहेत, वयस्कर माणसाला हात धरूनच चढवावं लागतं. किंमत ९४० रुपये, पक्कं बिल मिळतं.

दुकान साडेआठला उघडतं. माप द्यायचं असेल तर नऊच्या आत पोचा.