खाऱ्या हवेत कुठला बोल्ट टिकतो? झिंक, झिंक-निकेल, क्रोम की हॉट डिप

समुद्राजवळ घर असेल किंवा होडीचं काम काढलं असेल तर दुकानदार आधी चकचकीत बोल्टच पुढे करतो, त्याला भुलू नका.

साधं झिंक प्लेटिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला जस्ताचा पातळ थर), म्हणजे ते निळसर पांढरं नाहीतर पिवळट झाक असलेलं, सगळ्यात स्वस्त, थर साधारण 5 ते 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झिंक तसं गुणी, ओरखडा पडला तरी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण आयएसओ 9223 (हवा धातूला किती गंजवते याच्या वर्गवारीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे सी5 हवेत, म्हणजे किनाऱ्यावरच्या जोरदार खाऱ्या हवेत, पहिल्या वर्षी 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिंक जातं, आता 8 मायक्रॉनचा हिशोब तुम्हीच करा. आमच्या रत्नागिरीच्या घराच्या गेटला हेच लावलेले, पहिल्या पावसाळ्यानंतर वॉशरखाली पांढरी पूड आणि दुसऱ्या दिवाळीला तिथूनच तांबडा ओघळ थेट चुन्यावर. घराच्या आत चालेल, बाहेर नको.

निकेल-क्रोम दिसायला राजा पण काम उलटं! निकेल स्वतः झिजत नाही, त्यामुळे थराला बारीकसं छिद्र असलं तरी सगळा मारा तिथल्या लोखंडावर, वरून आरसा आणि आतून पोखरलेलं, नख लावलं की पापुद्रा निघतो.

झिंक-निकेल (निकेल 12 ते 15 टक्के) मला आवडतं, थर पातळच पण झिंकपेक्षा बराच सावकाश झिजतो. सॉल्ट स्प्रे टेस्टला तांबडा गंज यायला 700-1000 तास सहज काढतं. अर्थात ते पेटीतले तास, 35 डिग्रीला 5 टक्के मिठाचं पाणी सतत फवारून मोजलेले, त्याची वर्षं करून सांगणारा सेल्समन भेटला तर चहा प्या आणि निघा. महाग आहे आणि हार्डवेअरच्या दुकानात सुटं फारसं मिळत नाही.

कॅडमियम खाऱ्या हवेत छान टिकतं पण विषारी, तो विषय सोडा.

10.9 किंवा 12.9 ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या कडक पोलादाचा बोल्ट प्लेटिंगला देत असाल तर बेकिंग करतात का ते आधी विचारा. प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो, चार तासांच्या आत 190 ते 220 डिग्रीला भट्टीत ठेवून तो काढला नाही तर आवळलेला बोल्ट दोन दिवसांनी गंज नसताना कटकन तुटू शकतो.

एम12 (12 मिमी व्यासाचे) आणि पुढचे जाड बोल्ट असतील तर माझं मत सरळ हॉट डिप, ते प्लेटिंग नाही, वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात, थर 45-50 मायक्रॉन, दिसायला ओबडधोबड. बारीक आट्यांना झिंक-निकेल. फक्त हॉट डिपच्या बोल्टला नटही हॉट डिपचाच घ्या, त्याचे आटे जरा मोठे पाडलेले असतात, साधा नट दोन फेऱ्यांत अडकतो.