टाचेखालचा स्विच: फुटड्रॉप स्टिम्युलेटर आठ महिने वापरल्यावर

चालताना लोंबणारा चवडा गुडघ्याखाली करंट देऊन वर उचलणारं यंत्र म्हणजे फुटड्रॉप स्टिम्युलेटर; टाच उचलली हे त्याला टाचेखालचा स्विच सांगतो. माझ्या यंत्राच्या त्या स्विचची वायर तिसऱ्यांदा तुटली आणि सर्व्हिसवाल्यांचं उत्तर तिसऱ्यांदाही तेच आलं: सुटी वायर मिळत नाही, पूर्ण स्विच घ्या. मशीन ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, पट्टा अजून घट्ट बसतोय. पण स्विचच्या चकतीतून निघणारी बारीक वायर मुळाशी तुटली की एवढं महागडं यंत्र गुडघ्याखाली नुसतं बांधलेलं राहतं. आठ महिने रोज पाच-सहा तास, पक्षाघातानंतरच्या डाव्या पायावर, एवढा वापर झाल्यावर सांगतो: हे यंत्र घेताना बाकी काही पाहू नका, आधी स्विच पाहा.

यामागचं कारण पाठीच्या कण्यात आहे. चालताना मेंदू प्रत्येक पावलाचा हिशेब करत बसत नाही. पाय आलटून पालटून टाकण्याचा ठेका मज्जारज्जूतच तयार होऊ शकतो, हे ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पाय कधी उचलायचा हे ठरवायला मज्जारज्जू मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: मांडी खुब्यातून पुरेशी मागे गेली का, आणि त्या पायावरचा भार उतरला का. दोन्ही झालं की पाय सुटतो. यंत्र एकच गोष्ट विचारतं: टाच उचलली का? ते उत्तर जिथून येतं ती जागा नाण्याएवढी आहे. ती चुकली तर करंट कितीही चांगला असो, पाऊल अडखळणारच.

मग यंत्र लागतंच कशाला? कारण पायाचा चवडा वर उचलणारा नडगीचा स्नायू मेंदूवर जास्त अवलंबून असतो. मेंदूकडून सरळ खाली येणाऱ्या तंतूंचा त्याला पोटरीपेक्षा मोठा वाटा मिळतो. पक्षाघातात ती वाट तुटली की माणूस उभा राहतो, गुडघा सांभाळतो, पण चवडा लोंबतो. पाऊल पुढे जाताना अंगठा आणि जमीन यांच्यात एरवीही एक-दोन सेंटिमीटरचंच अंतर असतं. ते गेलं की सतरंजीची कडसुद्धा पाडते.

करंट देणारे चिकट पॅड लावण्यात पहिले दोन आठवडे जातात, ते जाऊ द्या. वरचं पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जो हाडाचा गोळा हाताला लागतो, त्याच्या किंचित खाली आणि मागे. तिथे शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू) हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जातात. दुसरं पॅड साधारण चार बोटं खाली, नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या मांसावर. बसून, टाच जमिनीवर ठेवून करंट हळूहळू वाढवा. पाऊल सरळ वर यावं आणि जरासं बाहेर झुकावं. आत वळत असेल तर वरचं पॅड अर्धा सेंटिमीटर वर-मागे घ्या. नुसतंच बाहेर फिरत असेल तर पुढे-खाली. मग उभं राहून पुन्हा तपासा, कारण गुडघा सरळ झाला की कातडी सरकते आणि बसून जमलेलं बिघडतं. नेमकी जागा सापडली की बॉलपेनने चारही कोपऱ्यांवर खुणा करा. अंघोळीनंतर खूण पुसट झाली तर आधी पुन्हा गिरवा, मगच पॅड लावा.

केस वाढले असतील तर कात्रीने कापा, वस्तऱ्याने काढू नका, पुरळ येतं. स्पिरिटनेही पुसू नका. पाण्याने ओला केलेला कपडा पुरतो. मे महिन्यात घामाने पॅड तीन आठवड्यांत जातात. थंडीत थोडे जास्त टिकतात. कड उचललेलं पॅड टोचायला लागतं, कारण सगळा करंट उरलेल्या चिकट भागातून जातो. पॅडमध्ये काटकसर करू नका, हा एक खर्च मनापासून करावा.

सेटिंगमध्ये ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० झटके), प्रत्येक झटका ३०० मायक्रोसेकंद आणि करंट तीस-पस्तीस मिलिअँपिअर एवढ्यावर काम चाललं. करंट चढण्याचा वेळ मात्र फिजिओकडून बसवून घ्या. पहिल्या महिन्यात तो फार कमी होता: चवडा झटक्यात वर यायचा, पोटरी ताणली जायची आणि पाय थरथरत खाली दाबला जायचा. पोटरीचा हा उलटा झटका मेंदूला न विचारता, मज्जारज्जूतूनच सुमारे ४० मिलिसेकंदांत येतो. एरवी मेंदू त्याला आवर घालतो; पक्षाघातानंतर तो आवर सुटतो. चढण्याचा वेळ वाढवल्यावर थरथर बंद झाली. टाच टेकल्यावरही करंट लगेच तोडू नये. तोडला तर पाऊल फरशीवर थाडकन आपटतं. थोडा वेळ चालू राहिला की अलगद टेकतं.

सुरुवातीला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. मज्जारज्जू स्नायूचे छोटे, चिवट तंतू आधी लावतो आणि पाळीपाळीने विसावा देतो. बाहेरचा करंट मोठे, लवकर दमणारे तंतूही पहिल्यापासून एकदम ओढतो. म्हणून चढत्या क्रमाने, पाच-सहा आठवड्यांत दिवसभरावर या.

आता स्विच. तीन महिन्यांनंतर हे यंत्र परत करावं असंच माझं मत झालं होतं. मत बदललं ते एका सेटिंगने: स्विच दुसऱ्या, म्हणजे चांगल्या पायाच्या टाचेखालीही चालतो. आखडलेल्या पोटरीमुळे दुखऱ्या पायाची टाच कधी नीट टेकतच नव्हती, आणि न टेकलेली टाच उचलली जाणार तरी कशी? त्यामुळे दहातली तीन-चार पावलं करंटशिवाय जायची. चांगली टाच टेकली की दुखऱ्या पायावरचा भार उतरायला लागतो, म्हणजे मज्जारज्जू पाहतो त्यातली एक गोष्ट यंत्राला कळते. तेव्हापासून पावलं चुकणं जवळजवळ थांबलं. पुस्तिकेत हे एका ओळीत, शेवटून दुसऱ्या पानावर आहे. विकणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण आपल्या घरांची. स्विच बुटात घालायचा गृहीत धरला आहे, आपण घरात अनवाणी. जाड मोज्यात आतून शिवलेला छोटा खिसा हा उपाय चालतो, पण मोजा फरशीवर घसरतो, म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेलाच मोजा घ्या. बाथरूममध्ये यंत्र काढूनच जा, आणि तिथे भिंतीला दांडा बसवून घ्या.

वायर तुटते ती चकतीजवळच्या पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये, कारण प्रत्येक पावलाला ती तिथेच वाकते. चकतीपासून वायर सरळ वर न नेता टाचेच्या मागे एक सैल वेटोळं ठेवा आणि घोट्यावर कापडी टेपने धरा. तुटलीच तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून जोडून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्या. पन्नास रुपयांत काम होतं. नवा स्विच त्याच्या कितीतरी पट. जोडलेला स्विच आज पाचव्या आठवड्यात चालतोय.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. स्लिप डिस्कने शीर दाबून किंवा गुडघ्याबाहेरची शीर दुखावून चवडा पडला असेल तर हे यंत्र बहुधा निरुपयोगी, कारण ते शीर शाबूत आहे असं धरूनच चालतं. आधी नर्व्ह कंडक्शन तपासणी, म्हणजे शिरेतून संदेश नीट जातो का याची तपासणी, करा. पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा फिट्स ताब्यात नसतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि घोटा धरून चवडा वर ठेवणारा साधा प्लॅस्टिकचा स्प्लिंट? पक्षाघातानंतरच्या मोठ्या चाचण्यांत दोन्हींनी चालण्याचा वेग जवळपास सारखाच वाढला. स्प्लिंट स्वस्त, वायर नाही, चार्जिंग नाही. घोटा मोकळा राहणं हाच यंत्राचा खरा फायदा. जिन्यावर आणि उतारावर तो जाणवतो. आधी सहा आठवडे स्प्लिंट वापरून पाहा. तरीही यंत्र घेणार असाल तर खरेदीच्या बिलातच दुसरा स्विच जोडून मागा. नंतर सुटा घ्यायला गेलं की भाव दुकानदाराचा असतो.