कपबशीचं भरतकाम किट, सहा महिन्यांनंतर: दोऱ्याला नंबर नाही

ऑगस्टमध्ये हे किट घरी आलं आणि चौथ्याच दिवशी मी त्याला पाच तारे दिले. ते आज मागे घेते आहे. नुसते तारे बदलून भागणार नाही, कारण माझं कौतुक वाचून ओळखीतल्या दोघींनी हेच किट मागवलं आणि त्यातल्या एकीचं अजून भरून व्हायचं आहे. तिने रुमाल धुवायच्या आधी हे वाचावं म्हणून मुद्द्याचं पहिल्यांदा सांगते: यातला लाल दोरा रंग सोडतो. कढत पाण्याचं सोडाच, कोमट पाण्यातही सोडतो.

किटमध्ये काय काय असतं ते सांगत बसत नाही. छापील कापड, बांबूची रिंग, दोन सुया, दोरे आणि सूचनांचा कागद, नेहमीचंच. माझं चित्र कपबशीचं. मधोमध चहाने भरलेला कप, खाली बशी, भोवती गुलाब, डेझी आणि पानांचा गोल वेढा. किंमत ६४९ रुपये. भाचीच्या रुखवतात ट्रेवर घालायला रुमाल करायचा होता. हल्ली अख्खं रुखवत भाड्याने मिळतं, पण "मावशी, एक तरी वस्तू घरातल्या कुणीतरी हाताने केलेली हवी," असं ती स्वतःहून म्हणाली. मग काय, लग्न फेब्रुवारीत होतं, हातात सहा महिने होते.

पहिले दोन महिने खरोखर आनंदात गेले. चित्र ज्याने कुणी काढलं आहे त्याला सुई धरायची सवय असणार. कपाची कड म्हणजे आडवा लांबट गोल. त्याच्या दोन्ही टोकांना वळण एकदम घट्ट होतं आणि तिथे एक टाका जरी लांब पडला तरी कपाला कोपरा आल्यासारखा दिसतो. इथे छापील रेघ टोकांशी बारीक तुटक केली आहे, त्यामुळे टाका आपोआप आखूड पडतो. मी आधी कडेने उलटी टीप घातली आणि तिच्यावरून एका धाग्याने सॅटिन, म्हणजे एकमेकांना चिकटून सरळ टाके, भरलं, कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आली. कान भरताना स्टेम स्टिचचा दोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा. मध्येच बाजू बदलली की दोरखंडासारखा पीळ तुटतो आणि तो कानावर लगेच कळतो.

चहाचं तर मला फार समाधान आहे. किटमध्ये दोन तपकिरी दिले आहेत, एक गडद आणि एक फिका, आणि कागदावर अर्धा भाग या रंगाने, अर्धा त्या रंगाने भरा असं म्हटलंय. तसं भरलं तेव्हा तो चहा दिसेना, चॉकलेटचे दोन तुकडे शेजारी ठेवल्यासारखं दिसायला लागलं. उसवलं. मग गडद रंगाचा एक धागा आणि फिक्याचा एक, असे दोन्ही एकाच सुईत ओवले आणि लांब-आखूड टाक्याने भरत गेले. दूध घालून नीट उकळलेल्या चहाचा रंग आला. ताई बघून म्हणाली, "आलं घातलंयस का गं यात?"

सुया मात्र बाजूला ठेवा. दोन्ही जाड आहेत आणि नेढं अंगापेक्षा रुंद. बुलियनच्या गुलाबाला सुईवर सात-आठ वेढे घेऊन सुई त्यातून ओढून काढायची असते, रुंद नेढं तिथेच अडकतं. माझ्याकडे मिलिनर सुया होत्या, त्यांचं नेढं आणि अंग सारख्याच जाडीचं असतं, त्यांनी सगळे गुलाब झाले. रिंग सैल पडते. आतल्या गोलाला सुती पट्टी गुंडाळली की प्रश्न मिटतो, त्यासाठी तारा कापायचं कारण नाही.

आता दोऱ्यांबद्दल. इथून पुढे माझा सगळा राग आहे.

आपण दुकानातून लडी घेतो तेव्हा तिच्यावर कागदी पट्टा असतो. त्यावर कंपनीचं नाव आणि एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या दोऱ्याचं नावगावच असतं. अँकर आणि डीएमसी या दोऱ्यांच्या कंपन्या; अँकरचा काळा म्हणजे ४०३, डीएमसीचा काळा म्हणजे ३१०. अँकरचा ४६ म्हणजे झगझगीत लाल, डीएमसीत जवळपास तोच लाल ६६६. आज घ्या, चार वर्षांनी घ्या, पुण्यात घ्या नाहीतर नागपुरात, आकडा सांगितला की रंग मिळतो. या किटमधल्या लडींना पट्टाच नाही. एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात दोरे अडकवलेत आणि शेजारी छापलंय १, २, ३, ४… १४ पर्यंत. हे आकडे त्या कागदापुरते. बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही.

याचा पहिला फटका ऑक्टोबरमध्ये बसला. मधला हिरवा, त्यांचा ९ नंबर, संपला आणि पाच पानं उरली. पानं मी फिशबोनने, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या टाक्याने, भरत होते, दोन धाग्यांनी, चित्रात दाखवल्याप्रमाणेच. दोरा वाया घालवणारी मी नाही. शाळेत बाईंनी घालून दिलेली सवय आहे, दोरा कोपरापर्यंतच घ्यायचा, म्हणजे घासून पिंजत नाही आणि गुंता होऊन फेकावा लागत नाही. नेहमीची लडी ८ मीटरची असते, सहा पदरी. दोन-दोन पदरांनी भरलं तर २४ मीटर काम होतं. यांचा दोरा मी अजून न वापरलेल्या रंगांवर मोजला, पुठ्ठ्यावरून सोडून टेपने. एकही ५ मीटरच्या वर भरला नाही. चित्रात पानं तेहेतीस आहेत. ज्याने चित्र इतकं विचार करून काढलं त्याने दोरा मोजून का दिला नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

उरलेला बोटभर हिरवा दोरा घेऊन पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. पहिल्या दुकानात विचारलं, "नंबर काय काकू?" नंबर नाही म्हटल्यावर त्यांनी शेड कार्ड पुढे केलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो जुळला तो रस्त्यावर उन्हात धरला तर पिवळट. दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच, "नंबर सांगा, लगेच देतो." चार दुकानं, दोन तास, आणि शेवटी २६७ आणि २६६ अशा दोन लडी घेतल्या, दोन्हींचा एकेक धागा मिसळून पाच पानं भरली. लांबून कळत नाही. मला कळतं.

तरीही तोवर मी चार तारे धरून चालले होते. हिरवा संपणं हा हिशेबाचा घोळ म्हणून सोडून दिला असता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झालं. निळी छापील रेघ इथे-तिथे डोकावत होती. कागदावर लिहिलंय की ती कोमट पाण्यात जाते. टबात कोमट पाणी घेतलं, रुमाल बुडवला, पाच मिनिटांनी बघायला आले तर पाणी गुलाबी. रुमाल वर उचलला. बशीची पांढरी कड जिथे सर्वात मोठ्या गुलाबाला टेकते तिथे मला अगदी लहानपणीची आठवण झाली, खरखरीत वहीवर शाई सांडली की ती कशी पायापायाने पसरत जाते तसा लाल रंग पांढऱ्या सॅटिनच्या एकेका टाक्यातून पुढे सरकत होता. पाच महिन्यांचं काम होतं ते. मी खाली बसले.

पहिली चूक मीच केली. घरात नवी साडी मिठाच्या पाण्यात घालतात म्हणून मीठ टाकलं. काही फरक पडला नाही. व्हिनेगरही कुणी सांगतं, पण त्याचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या रंगांना, सुताला नाही. सुताचा साधा हिशोब असा की धागा जेवढा रंग पकडू शकतो तेवढाच पकडतो. गडद लालला रंग जास्त लागतो, वरचा सुटा राहिलेला कारखान्यात धुऊन काढावा लागतो, आणि तो खर्च वाचवला की तो सुटा रंग आपल्या टबात येतो. कापड ओलं आहे तोवर हा रंग पाण्यात असतो, म्हणजे तो काढता येतो. वाळला की बसला. म्हणून रुमाल वाळू न देता गार पाण्यात ठेवला, थेंबभर साबण घातला आणि पाणी बदलत राहिले. रात्री साडेनऊ ते पहाटे चार, चौदा वेळा. शेवटच्या पाण्यात पांढरी बशी ठेवून बघितलं, पाणी स्वच्छ होतं.

ऐंशी टक्के डाग गेला. उरलेला कडेवर फिका गुलाबी राहिला. बशीची तेवढी कड आणि तिन्ही मोठे गुलाब मागच्या बाजूने बारीक कात्रीने कापून चिमट्याने उपसले. कापडाला भोकं दिसत होती, ओला हात फिरवून उलट्या बाजूने इस्त्री केल्यावर बुजली. हे कापड खरंच चांगलं आहे, दुसरं असतं तर जाळी झाली असती. मग अँकरचा ४६ आणला, एक धागा भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून इस्त्री फिरवली, डाग नाही हे बघितलं, आणि अकरा दिवसांत गुलाब पुन्हा भरले. नवे गुलाब जुन्यांपेक्षा उजळ दिसतात. त्याचं कारण मर्सराइज्ड सूत. इंग्लंडमध्ये जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून बघितली, पुढे १८९० च्या सुमारास होरेस लोने ते करताना सूत ताणून धरलं तेव्हा त्याला रेशमासारखी चमक आली. अशा सुतात रंगही चांगला मुरतो. किटचा लाल दोरा तीन-चार टाक्यांतच केसाळ व्हायचा, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

विक्रेत्याशी बोलणं झालं त्याचं थोडक्यात. फोटो पाठवले. उत्तर आलं की परत घेण्याची मुदत सात दिवसांची. मी लिहिलं, सात दिवसांत तुमच्या कपाचा कानसुद्धा भरून होत नाही आणि धुण्याची वेळ पाचव्या महिन्यात येते, मग दोष सात दिवसांत दिसणार कुणाला? पुन्हा तेच वाक्य आलं, शब्दाला शब्द. तिसऱ्यांदा ५० रुपयांचं कूपन. मला कूपन नको होतं. मला त्यांच्या लालचा कंपनी-नंबर हवा होता, किंवा निदान पुठ्ठ्यावर "आधी दोरा भिजवून तपासा" ही एक ओळ. दोन्हींचं उत्तर आलेलं नाही.

हे लिहायला बसले तेव्हा एक तारा देणार होते. पण अर्ध्यावर उठले आणि उरलेले सगळे दोरे ओले करून टिश्यूवर दाबून ठेवले, कारण सगळ्यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही. तपकिरी दोन्ही, पिवळा, निळे, हिरवे, काळा, पांढरा, एकानेही रंग सोडला नाही. सोडला तो दोन लाल आणि एक गडद राणी रंगाने. म्हणजे चौदापैकी तीन दोरे. ते तीन बदलून भरलं तर हे चित्र भरण्यासारखं आहे, आणि हे लिहिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. म्हणून अडीच. अर्धा तारा दाखवत नाहीत, दोन धरा.

खर्चाचं बघा. ६४९ चं किट, वर तीन लडी, पुण्यातल्या पुण्यात दोन फेऱ्या. माझ्या हातातली ही गोष्ट पांढऱ्या केंब्रिकवर (बारीक सुती कापडावर) कार्बनने चित्र उतरवून आणि नंबरच्या लडी घेऊन निम्म्या पैशांत झाली असती, एकच गोष्ट सोडून: हे चित्र मला काढता आलं नसतं.

रुमाल लग्नात ठेवला होता. चांदीच्या ट्रेवर, बोरनहाणाच्या बाहुल्यांशेजारी. भाचीच्या सासूबाईंनी पदराने हात पुसून मगच तो उचलला आणि उलटा करून मागची बाजू बघितली. मागे गाठी नाहीत हे बघून त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "हे गुलाब कुठल्या दोऱ्याचे?" मी सांगितलं, अँकर ४६. त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

परवा कळलं की तोच विक्रेता नुसतं छापील कापडही देतो, दोऱ्यांशिवाय, १८० रुपयांना. कपबशीचंच दुसरं चित्र आहे, यात किटलीही आहे. एक मागवलं. काल आलं. शिवणीत जाईल असा कोपरा गार पाण्यात बुडवून ठेवला होता. रेघ जायला वीस मिनिटं लागली, कोमट पाण्याची गरज नाही.