मुलीच्या दम्यासाठी एअर प्युरिफायर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी अकरा वर्षांची आहे. दमा चौथ्या वर्षापासून. आम्ही कोथरूडला जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता समोरची आणि तिच्या मागची, अशा दोन इमारती रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतल्या. त्या तीन आठवड्यांत ती आठवड्यातल्या तीन-चार रात्री खोकत उठायची. पहाटे तीनला दिवा लावायचा, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) शोधायचा, लगेच आराम देणारा निळा पंप द्यायचा, पाठीला उशा लावून तिला बसवायचं आणि छातीतली शिट्टी कमी होते का ते ऐकत राहायचं. ज्यांच्या घरात दमा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्युरिफायर घेतला तो अशाच एका रात्रीनंतरच्या सकाळी, घाईघाईत, आणि चुकीचा घेतला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेल सारखी बदलतात आणि माझी चूक कंपनी निवडण्यात नव्हतीच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘200 चौरस फुटांपर्यंत’ असं लिहिलं होतं. मुलीची खोली 10 बाय 12, म्हणजे 120 चौरस फूट. मला वाटलं, भरपूर झालं. महिनाभर वापरल्यावर माहितीपत्रक नीट वाचलं, तेव्हा आत बारीक अक्षरांत सीएडीआरचा आकडा दिसला: ताशी 130 घनमीटर. हाच आकडा खरा. मशीन तासाभरात किती स्वच्छ हवा देतं, ते त्यातून कळतं. चौरस फुटांचा दावा मात्र हवा तासाला किती वेळा गाळायची, या कंपनीनेच धरलेल्या हिशोबावर उभा असतो. 200 चौरस फुटांची, साडेनऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे 54 घनमीटर हवा. 130 ला 54 ने भागा: तासाला जेमतेम अडीच वेळा. दमा किंवा ॲलर्जी असेल तर तासाला पाच वेळा धरावं, असं साधारण सांगितलं जातं.

आमच्या खोलीचा हिशोब असा. 10 गुणिले 12 गुणिले साडेनऊ म्हणजे 1140 घनफूट, म्हणजे 32 घनमीटर. पाचपट केले की 160. तरीही 160 चं मशीन घेऊ नका, कारण खोक्यावरचा सीएडीआर सगळ्यात वरच्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला मिक्सरच्या खोलीत झोपल्यासारखं वाटतं. ‘स्लीप मोड’ लावला की आवाज जातो आणि त्याबरोबर हवाही जाते. त्या वेगाचा सीएडीआर बहुतेक कंपन्या छापतच नाहीत. माझं पहिलं मशीन रात्रभर स्लीप मोडवर होतं. म्हणजे त्या महिन्यात मुलीच्या खोलीत एक हिरवा दिवा लागला होता, यापलीकडे फारसं काही घडलं नव्हतं. हे समजलं तेव्हा खूप वाईट वाटलं. ती त्या दिव्याकडे बघून विश्वासाने झोपायची.

नोव्हेंबरअखेर दुसरं घेतलं, 320 सीएडीआरचं. गरजेच्या दुप्पट घ्यायचं आणि मधल्या वेगावर चालवायचं, एवढाच माझा नियम. मधल्या वेगाचा आवाज छताच्या पंख्याइतका येतो आणि दोन रात्रींत सवय होते. झोपायच्या आधी अर्धा तास दार-खिडकी लावून पूर्ण वेगाने चालवते, ती झोपायला आली की वेग मधला करते. वायफाय, मोबाइल ॲप वगैरे आहे, पण दोन आठवड्यांनंतर ते मी उघडलेलं नाही.

विकत घेताना आणखी दोन गोष्टी बघा. फिल्टर खरा हेपा हवा. युरोपीय पद्धतीत एच13 लिहिलेला असतो, अमेरिकी पद्धतीत 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा म्हणतात. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ अशा शब्दांना काही अर्थ नाही. दुसरं, आयोनायझर किंवा प्लाझ्मा नावाचं बटण असेल तर ते वेगळं बंद करता यायला हवं. त्यातून थोडा ओझोन तयार होऊ शकतो आणि ओझोनने श्वासनलिका चिडतात. दम्याच्या माणसाच्या उशाशी ते नकोच. आणि ओझोन सोडून ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रं जी विकतात, ती घरात आणूच नका. हे मी अगदी कळकळीने सांगते.

आता फरक पडला का?

डॉक्टरांनी आम्हाला पीक फ्लो मीटरची, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या साधनाची, वही ठेवायला सांगितली होती. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा. तिचा सगळ्यात चांगला आकडा 280. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 224 च्या वर असेल तर ठीक. ऑक्टोबरात सकाळचे आकडे 190-200 च्या घरात होते. जानेवारीत 250-260 दिसायला लागले. रात्रीचं उठणं महिन्याला दोन-तीनदांवर आलं. पण सगळं श्रेय मशीनला देणं खोटं होईल. नोव्हेंबरातच डॉक्टरांनी तिच्या रोजच्या पंपाचा डोस बदलला होता आणि पंप ओढताना होणारी तिची चूक सुधारून दिली होती. कशाने किती फरक पडला, हे मला वेगळं काढता येत नाही. प्युरिफायर आहे म्हणून रोजचा पंप कमी करायचा विचार मात्र कोणी मनातही आणू नका. ओळखीतल्या एका घरात तसं झालं आणि मुलाला मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं.

हवेतला फरक मात्र मोजता आला, कारण मी कण मोजणारा एक छोटा मीटर वेगळा घेतला होता. डिसेंबरात थंडीमुळे हवा जमिनीलगत अडकून राहते, त्यात आमच्याकडे सकाळी पाचोळा पेटवतात. अशा एका पहाटे बाल्कनीत पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा 95 (घनमीटरमागे मायक्रोग्रॅम) होता, हॉलमध्ये 70, मुलीच्या खोलीत 11. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषात चोवीस तासांची मर्यादा 15 आहे, आपल्याकडची 60. मोबाइलवर दिसणारा आकडा जवळच्या केंद्रावरचा असतो, तुमच्या गल्लीत काय पेटलंय ते त्याला कळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिलंच मशीन होतं. दाराखाली ओला टॉवेल लावून ते पूर्ण वेगाने चालवलं, तरी खोलीतला आकडा 80 च्या खाली आला नाही. ती रात्र आम्ही तिघांनी तिच्या खोलीतच काढली.

मशीनवरचा आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. आतला सेन्सर कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतो. दमट हवेत कण फुगतात, धुकं असेल तर पाण्याचे थेंबही कणच वाटतात, आणि आकडा उगाच वर जातो. जुलैत असं बऱ्याचदा झालं. उलट, सेन्सर मशीनच्या पोटात असल्यामुळे त्याच्या जवळची हवा आधी स्वच्छ होते, पलंगाच्या पलीकडची नंतर. म्हणून ‘ऑटो’ मी वापरतच नाही. ऑटोवर ठेवलं की आकडा जरा उतरला की मशीन झोपी जातं.

मशीन हॉलमध्ये ठेवू नका. आम्ही आधी तिथेच ठेवलं होतं, सगळ्यांना उपयोग होईल म्हणून. हॉलला स्वयंपाकघर जोडलेलं, बाल्कनीचं दार दिवसभर उघडं, वर बेल वाजली की मुख्य दार. एवढी हवा कुठलंही घरगुती मशीन गाळू शकत नाही. जिथे दम्याचं माणूस सलग आठ-नऊ तास झोपतं ती एक खोली, दार लावून. मात्र बंद खोलीत हवा कोंदते, कारण प्युरिफायर बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच पुन्हा पुन्हा गाळतो. म्हणून दुपारी एक ते चार, समोरचं काम थांबलेलं असेल तर, खिडक्या सताड उघडते.

जे मशीनने होणार नाही, ते हातानेच करावं लागलं, आणि माझ्या मते निम्मं काम तेच होतं. धुळीतले सूक्ष्म कीटक गादीत, उशीत, पांघरुणात राहतात. त्यांच्या विष्ठेचे कण जड असतात, अंथरूण झटकलं की उडतात आणि काही मिनिटांत खाली बसतात. प्युरिफायरपर्यंत ते पोचतच नाहीत, नाक त्यांच्या जास्त जवळ असतं. मुलीला तिच्या पणजीने शिवलेली गोधडी लागते, त्याशिवाय झोप नाही. ती फेकायला मी तयार नव्हते. आता दर रविवारी ती गोधडी 60 अंशांच्या पाण्यात धुते, गादीला आणि उशीला घट्ट विणीची चेन असलेली खोळ घातली आहे, कापसाची जुनी गादी काढून टाकली. फरशीवर कोरडा झाडू बंद, ओलं फडकं.

उदबत्तीचं सांगायला मला थोडं जड जातं. सासूबाईंचा रोजचा धूप हे घरातलं पन्नास वर्षांचं वळण. मी काही बोलले नव्हते. एकदा त्या पूजा करत असताना मीटर चुकून देवघराजवळ राहिला आणि आकडा 300 च्या पुढे गेला. त्यांनी स्वतःच विचारलं, “हे काय गं?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या फुलं आणि तुपाचं निरांजन एवढंच करतात. म्हणाल्या, “पोरीचा श्वास आधी.” मच्छरांची कॉइलही गेली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं आढळलं होतं. ते वाचल्यावर पुन्हा मच्छरदाणी लावली.

खर्च. वीज फार नाही: पूर्ण वेगाला 45 वॉट, रोज दहा तास धरले तरी महिन्याला 13-14 युनिट. खरा खर्च फिल्टरचा. आमचा मूळ फिल्टर साडेतीन हजारांचा आणि कंपनी वर्षभर टिकेल म्हणते. समोर बांधकाम चालू असताना तो सातव्या महिन्यात करडा होऊन गेला. मशीन घेण्याआधी त्याच्या फिल्टरची किंमत आणि तो मिळतो का, हे बघाच. दीड हजारांचा ‘याच मॉडेलला चालणारा’ फिल्टर मी ऑनलाइन मागवून पाहिला. कडेला बोटभर फट राहत होती, हवा गाळणीतून जाण्याऐवजी तिथूनच जात होती. खोली स्वच्छ व्हायला वीस मिनिटांऐवजी पाऊण तास लागायला लागला, तेव्हा परत मूळ फिल्टर आणला. तो मिळवायला सर्व्हिस सेंटरला सहा फोन आणि अठरा दिवस गेले, म्हणून आता एक फिल्टर कपाटात आधीच आणून ठेवते. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमने साफ करते. हेपा धुवायचा नाही, पाण्याने त्याचे धागे खराब होतात. वासासाठी आत कार्बनचा पातळ थर आहे. बाहेरून रंगाचा वास आला तेव्हा त्याचा उपयोग जाणवला नाही. रंग, फोडणी, फिनेल यांचा वास हा तुमचा मुख्य त्रास असेल तर कार्बन वजनाने किती आहे ते विचारा.

पावसाळ्यात मुलीच्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशीचा काळा डाग आला. मशीन हवेतले बीजकण धरतं, भिंतीतली ओल धरत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावरच डाग थांबला आणि खोकलाही.

गेल्या आठवड्यात नवा फिल्टर बसवला. आतल्या बाजूला तारीख पेन्सिलीने लिहिते, मुलीनेच सुचवलं होतं ते. पलीकडच्या इमारतीचा पाचवा मजला चढतोय, सकाळी सातला ड्रिल सुरू होतं. आज तिचा आकडा 265.